शाळेच्या पटावरची आपली नावे

आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात, जुन्या पासपोर्टाच्या आणि आईवडिलांच्या केतुबाच्या जोडीला, घडी घातलेला एक पिवळट कागद अजून असेल. वर शाळेचे नाव, मधे रकाने, खाली मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. शाळा सोडल्याचा दाखला. इथे आल्यावर जन्मतारीख दाखवण्यापुरता त्याचा उपयोग झाला आणि मग तो कपाटात गेला तो गेलाच. आज तो कागद पुन्हा बाहेर काढावा, अशी वाचकांना विनंती आहे. त्यात आपल्या समाजाचा थोडा इतिहास लिहिलेला आहे.

दाखला म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरातल्या एका ओळीची नक्कल. मूल शाळेत आले की त्या मोठ्या जाड वहीत त्याला एक नंबर मिळे. पुढे संपूर्ण नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता. मूल शाळा सोडून गेले की उरलेले रकाने भरले जात: प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचे कारण. एकट्या मुलाची ओळ पाहिली तर त्यात विशेष काही दिसत नाही. परंतु एका शाळेच्या शंभर वर्षांच्या ओळी एकाखाली एक मनात आणल्या, तर कोणाची मुले कधी आली, कुठून आली आणि का गेली हे सगळे कळते. शिरगणती दहा वर्षांनी एकदा होते. शाळेचा पट दरवर्षी जून महिन्यात नव्याने मोजला जातो. म्हणून समाजाच्या हालचालीचा हिशेब शाळेच्या पटावर आधी उमटतो.

या लेखात ज्या शाळेचा विचार करायचा आहे ती आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. माझगावची सर एली कदूरी शाळा, म्हणजेच पूर्वीचे इस्राएली स्कूल. परंतु तिची गोष्ट तिच्या स्थापनेच्या आधीपासून सांगितली पाहिजे, कारण आपली मुले आपल्या शाळेत जाण्यापूर्वी दुसऱ्यांच्या शाळेत जात होती.

दुसऱ्यांच्या पटावर आपली मुले

कोकणातल्या गावांत आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या काळी गावच्या पंतोजीच्या शाळेत आपल्या मुलांना अक्षरओळख झाली तरी ती मोडीची आणि हिशेबाची. हिब्रू अक्षर शिकवणारे गावात कोणी नव्हते. शेमा तोंडपाठ होता, सुंता आणि शब्बाथ पाळला जात होता, पण पुस्तक उघडून वाचणारे थोडे.

१८१३ मध्ये अमेरिकन मिशनचे पाद्री मुंबईत आले आणि त्यांनी मुंबईत व कोकण किनाऱ्यावर मराठी शाळा उघडल्या. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन आले. या शाळांत आपल्या समाजाची मुले गेली आणि मुलीही गेल्या. त्या काळी इतर समाजांत मुलीला शाळेत धाडणे म्हणजे मोठे धाडस होते, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे महत्त्व कळते. मिशनऱ्यांनाही या मुलांचे विशेष वाटे. ही मुले जुना करार मानणारी, अब्राहाम, इसहाक, याकोब यांची नावे घेणारी. त्यांना आधी हिब्रू शिकवावे आणि मग ख्रिस्ताकडे न्यावे, असा त्यांचा विचार होता. शिकवण्यासाठी कोचीनकडचे ज्यू लोकही आणले गेले. विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणाचे पुस्तक काढले, ते प्रामुख्याने आपल्या लोकांसाठी.

परिणाम मात्र पाद्र्यांच्या अपेक्षेपेक्षा निराळा झाला. आपल्या मुलांनी हिब्रू घेतले, इंग्रजी घेतले, आणि धर्म आपलाच ठेवला. धर्मांतर करणारे फारच थोडे निघाले. उलट ज्यांनी मिशनच्या बाकांवर अक्षर गिरवले त्यांनीच पुढे समाजाला प्रार्थनेची पुस्तके दिली. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांचे उदाहरण सगळ्यांत मोठे. १८३४ मध्ये जन्मलेले राजपूरकर मुंबईच्या रॉबर्ट मनी स्कूल या मिशनच्या शाळेत शिकले. पुढे त्यांनी आपल्या हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली, आणि १८७१ पासून ते मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झाले.

हेच राजपूरकर सुमारे ४० वर्षे डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या शाळेचे मुख्य होते. ती शाळा बगदादी ज्यूंच्या मुलांसाठी होती. अनेक बगदादी मंडळी आपल्याला बरोबरीचे ज्यू मानायला तयार नव्हती, ही जुनी कटू गोष्ट सर्वांना माहीत आहे. तरी त्यांच्या मुलांना वळण लावणारा मास्तर बेने इस्राएल होता. शाळेच्या वर्गात माणसांची सरमिसळ कशी होते आणि बाहेरच्या भिंती तिथे कशा थोड्या खाली येतात, याचे हे आपल्याच इतिहासातले उदाहरण आहे.

आपल्या शाळेचा पट

१८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी पुढाकार घेऊन मुंबईत इस्राएली स्कूल काढले. केहीमकर यांना आज आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. त्यांचा बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून तयार होता आणि तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. परंतु त्यांच्या हयातीत लोक त्यांना शाळेचे केहीमकर म्हणूनच ओळखत असले पाहिजेत. कारण पुस्तकाच्या वीस वर्षे आधी त्यांनी शाळा उभी केली आणि तिच्यासाठी दारोदार पैसा मागितला. पुढे लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने मदत सुरू केली. लहान इयत्तांपासून निघालेली शाळा वाढत हायस्कूल झाली.

मिशनच्या शाळा होत्या, सरकारी शाळा होत्या, मग निराळी शाळा कशासाठी, असा प्रश्न त्या वेळीही कोणी विचारला असेल. उत्तर साधे होते. मिशनच्या शाळेत बायबलचा तास चुकत नसे आणि सरकारी शाळेत शनिवारी हजेरी लागे. शब्बाथची सुटी, सणांची सुटी, हिब्रूचा तास, आणि त्याबरोबर मराठी व इंग्रजी, हे सगळे एका ठिकाणी मिळेल अशी शाळा हवी होती. मुलाने सरकारी नोकरीला लागावे आणि सेफेर तोराह समोर उभे राहून वाचावेही, अशी आईबापांची इच्छा होती.

त्या पहिल्या पिढ्यांचा पट डोळ्यांसमोर आणावा. वडिलांचे धंदे पाहिले तर सरकारी कचेरीतले कारकून, पलटणीतले सुभेदार-जमादार, रेल्वेतले आणि पोस्टातले नोकर, दवाखान्यातले कंपाउंडर, सुतार आणि गवंडी. राहण्याचे ठिकाण मांडवी, डोंगरी, उमरखाडी आणि नंतर माझगाव, भायखळा. आडनावे वाचली तर कोकणचा नकाशा पुढे येतो. किहीमचे केहीमकर, दिवे आगरचे दिवेकर, राजपुरीचे राजपूरकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. गाव सुटून दोन-तीन पिढ्या झाल्या होत्या, पण गाव आडनावात राहिले आणि आडनाव रजिस्टरात उतरले. धर्म व जात या रकान्यात कुठे ज्यू, कुठे बेने इस्राएल, कुठे नुसते इस्राएल. माझगावच्या त्या वहीत एका पानावर किती निरनिराळी गावे एकत्र आली असतील! गावी ज्यांचे एक-दोनच उंबरे होते, त्यांची मुले इथे पहिल्यांदा आपल्यासारख्या मुलांनी भरलेल्या वर्गात बसली. समाज म्हणून आपण एकत्र आलो ते मशिदीत, हे खरे. पण लहान वयात रोज पाच-सहा तास एकत्र बसण्याची जागा शाळा होती.

मुलींची नावेही या पटावर होती, आणि त्याचे फळ एका व्यक्तीच्या रूपाने शाळेला मिळाले. रिबेका रूबेन या मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या, इंग्लंडला जाऊन शिक्षणशास्त्र शिकल्या, आणि १९२२ मध्ये इस्राएली स्कूलच्या मुख्याध्यापिका झाल्या. १९५० पर्यंत शाळा त्यांच्या हाती होती. त्याआधी त्यांनी १९१७ पासून काही वर्षे बेने इस्राएल वार्षिक काढले होते. आज ऐंशी-नव्वदीत असलेल्या वाचकांपैकी काहींच्या दाखल्यावर त्यांची सही असू शकेल. ती असेल तर तो दाखला चौकटीत लावण्याजोगा आहे.

१९३० च्या दशकात शाळेचे नाव बदलले. बगदादमध्ये जन्मलेले आणि ससून यांच्या पेढीत नोकरीला लागून हाँगकाँग व शांघायला जाऊन श्रीमंत झालेले सर एली कदूरी यांनी मोठी देणगी दिली आणि इस्राएली स्कूल हे सर एली कदूरी स्कूल झाले. इथे इस्राएलमध्ये कदूरी म्हटले की लोकांना ताबोर डोंगराच्या पायथ्याचे शेतकी विद्यालय आठवते, जिथे यित्झाक राबिन शिकले. ते एली यांच्या भावाच्या, सर एलिस कदूरी यांच्या मृत्युपत्रातल्या पैशातून उभे राहिले. त्याच पैशातून तुलकर्म येथे अरब मुलांसाठी दुसरे शेतकी विद्यालय निघाले. म्हणजे एकाच घराण्याच्या पैशावर माझगावला मराठी बोलणारी ज्यू मुले शिकली, ताबोरला हिब्रू बोलणारी आणि तुलकर्मला अरबी बोलणारी. ही गोष्ट पुढच्या भागासाठी ध्यानात ठेवावी.

पट बदलू लागला

शाळेतून आपली मुले कमी झाली ती सर्व आलियामुळे, असे सहज म्हटले जाते. हे अर्धे खरे आहे. आपल्या मुलांची संख्या घटण्यास त्याआधीच आरंभ झाला होता, आणि तो आपणच केला होता.

ज्यांची परिस्थिती सुधारली त्यांनी मुलांना इंग्रजी शाळांत घातले. कॉन्व्हेंट, पाद्र्यांची शाळा, जिथे इंग्रजी चांगले तिथे. कवी निस्सिम एझिकेल यांचे घर घ्या. वडील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आई स्वतः शाळा चालवणाऱ्या. दोघेही शिक्षक, तरी निस्सिम शिकले ते भायखळ्याच्या अँटोनिओ डिसोझा हायस्कूलमध्ये आणि पुढे विल्सन कॉलेजात. यात कोणाचा दोष काढायचा नाही. प्रत्येक आईबाप मुलाचे पुढचे पाहतात. परंतु समाजाची शाळा समाजाच्या गरिबांची शाळा होऊ लागली की तिचा पट कसा बदलतो, हे कोणत्याही जातीच्या मंडळाला विचारावे. सगळीकडे तोच अनुभव आहे.

दुसरे कारण राहण्याच्या जागेचे. मांडवी, डोंगरीच्या चाळी अपुऱ्या पडू लागल्या तशी कुटुंबे कुर्ल्याकडे, ठाण्याकडे सरकली. ठाण्यात तर १८७९ पासून आपली मशीद आहे. ठाण्याहून माझगावला लहान मुलाला रोज लोकलने कोण धाडणार? तो जवळच्या मराठी शाळेत गेला आणि तिथल्या पटावर चाळीस-पन्नास मुलांत एकटा ज्यू म्हणून नोंदला गेला.

मग १९४८ साल आले. इस्राएल राज्य झाले आणि आपल्या लोकांचे इकडे येणे सुरू झाले. भारताच्या शिरगणतीत १९५१ मध्ये ज्यू सुमारे २६ हजार होते, १९६१ मध्ये साडेअठरा हजार, आणि १९७१ मध्ये ६ हजारांहूनही कमी. या आकड्यांत बगदादी आणि कोचीनचे ज्यूही आले, पण मोठा भाग आपलाच. १९६१ ते १९७१ या दहा वर्षांत तीन माणसांतली दोन निघून गेली. जाणाऱ्यांत तरुण कुटुंबे अधिक होती. म्हातारी माणसे मागे राहिली तर शिरगणतीत ती दिसतात. शाळेत ती दिसत नाहीत. म्हणून समाज दोन तृतीयांशाने घटला असेल तर शाळेच्या पटावरचा समाज त्याहून वेगाने घटला. एक कुटुंब बोटीत किंवा विमानात बसले की पटावरची तीन-चार नावे एकदम कमी होत. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात पूर्वी लिहिले जाई: गाव बदलले, वडिलांची बदली, परीक्षा उत्तीर्ण. आता त्या जागी देश सोडून जाणार अशा अर्थाचे शब्द येऊ लागले. आपल्या दाखल्यावर काय लिहिले आहे ते वाचकांनी पाहावे.

शाळा बंद का झाली नाही

ज्या समाजासाठी शाळा काढली तो समाज गेला, तर शाळाही जावी, असे कोणाला वाटेल. तसे झाले नाही. याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

अनुदान घेणाऱ्या शाळेचा हिशेब पटावर चालतो. इतकी मुले तर इतक्या तुकड्या, इतक्या तुकड्या तर इतके शिक्षक, आणि इतक्या शिक्षकांचा पगार सरकारकडून. शाळाखात्याचा डेप्युटी आला की आधी हजेरीपट मागतो. मुले कमी झाली तर तुकडी तुटते, शिक्षक जादा ठरतो. तेव्हा रिकामे झालेले बाक भरणे ही शाळेची गरज होती. आणि बाहेर मुले उभी होती. गोदीत, गिरण्यांत, रेल्वेत काम करणाऱ्या माणसांची मुले, माझगाव-भायखळ्याच्या चाळींतली. त्यांना जवळची, परवडणारी, शिस्तीची शाळा हवी होती.

कायद्याची बाजूही होती. भारताच्या घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्य समाजांना आपली शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. त्याच घटनेच्या २९ व्या कलमात सांगितले आहे की सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यामुळे कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही. म्हणजे शाळा आपली राहू शकते आणि दार सर्वांना उघडे असते. आपल्या शाळेने या दोन्ही कलमांमध्ये राहून आपला मार्ग काढला. गंमत अशी की महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली ती २०१६ मध्ये, जेव्हा त्या सवलती घेणारी मुले बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. २०११ च्या शिरगणतीत सबंध भारतात ज्यू ४,६५० आणि महाराष्ट्रात २,४६६, तेही बहुतेक वयस्कर.

आज कदूरी शाळेच्या पटावर बहुतेक सगळी मुले इतर समाजांची आहेत. हे काही एकट्या तिच्याच वाट्याला आले नाही. भायखळ्याची सर जेकब ससून शाळा बगदादी मुलांसाठी निघाली. आज तिथे शिकणारी मुले बहुतेक मुसलमान आहेत. कोलकात्याच्या ज्युइश गर्ल्स स्कूलची स्थापना १८८१ मधली. तिथेही आता ज्यू मुलगी नाही आणि मोठ्या संख्येने मुसलमान मुली शिकतात. दारावर ज्यू नाव, आत दुसऱ्यांची मुले, आणि त्यात कोणाला अडचण वाटत नाही. जगात आज जी हवा आहे ती पाहता ही गोष्ट लहान नाही.

इकडचा पट

माझगावला जी नावे पटावरून गेली ती कुठे गेली? ती दिमोना, बेएर शेवा, यरुहाम, अश्दोद, लोद इथल्या शाळांच्या पटावर आली. इस्राएलमध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९४९ चा आणि सरकारी शिक्षणाचा कायदा १९५३ चा. दिमोना हे गाव वसले १९५५ मध्ये. नवे गाव, नवी शाळा आणि वर्गातली मुलेही सगळी नवी. एका बाकावर मोरोक्कोचा, दुसऱ्यावर रुमानियाचा, तिसऱ्यावर आपला. घरी मराठी, वर्गात हिब्रू, आणि आईला सरकारी पत्र वाचून दाखवायचे ते मुलाने.

तिकडच्या रजिस्टरात धर्म व जात या रकान्यात लिहिलेला ज्यू हा एक शब्द आपल्याला इतर मुलांपासून वेगळे दाखवीत होता. त्यात कमीपणा नव्हता, फक्त वेगळेपण होते. इकडे वर्गात सगळेच ज्यू. तेव्हा आपले वेगळेपण जन्मदेशावरून ठरले. आपण होदी झालो. आणि १९६२ मध्ये रब्बिनेटने आपल्या लग्नांच्या बाबतीत वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला तेव्हा, ज्या शब्दावर तिकडे कोणी कधी शंका घेतली नव्हती त्याच शब्दाचा पुरावा इकडे मागितला गेला. आपले लोक यरुशलेमला जाऊन बसले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने आपण सर्व बाबतींत ज्यू आहोत असे जाहीर केले, तेव्हा तो प्रश्न मिटला. माझगावच्या हेडमास्तरांनी हे फार पूर्वी लिहून ठेवले होते, शिक्क्यानिशी. अलिबागच्या, पनवेलच्या, ठाण्याच्या शाळांतल्या हिंदू मास्तरांनीही लिहिले होते. शेजाऱ्याला जे उघड दिसत होते ते पटवून द्यायला आपल्याला रस्त्यावर यावे लागले.

शाळा कोणाची

समाजाची मंडळी मुंबईला जाऊन येतात, शाळा पाहून येतात आणि म्हणतात, आपली शाळा आता आपली राहिली नाही. या वाक्यातले दुःख समजू शकते. ज्या अंगणात आपण लंगडी खेळलो तिथे आपल्या आडनावाचे एकही मूल नसावे, हे पाहून जीव कासावीस होणारच. मात्र त्या वाक्याशी पूर्ण सहमत होणे मला जमत नाही.

साठ वर्षे आपली मुले दुसऱ्यांच्या शाळांत शिकली. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या त्या त्यांच्या हेतूने. तो हेतू साधला नाही तरी त्यांनी आपल्या मुलांना दाराबाहेर काढले नाही. त्या शाळा नसत्या तर राजपूरकर झाले नसते, आणि हिब्रू वाचता येणारी ती पहिली पिढी नसती तर केहीमकरांच्या शाळेत हिब्रू शिकवायला मास्तर कुठून आला असता? आपण त्यांचे देणे लागत होतो. ते देणे मिशनला परत करायचे नव्हते, पुढच्या गरजू मुलाला द्यायचे होते. माझगावच्या चाळीतले मूल आज त्या बाकावर बसून मराठी वाचायला शिकत असेल, तर देणे फिटते आहे असे मला वाटते. कदूरी बंधूंचे पैसेही असेच तिन्ही ठिकाणी गेले.

केहीमकरांनी आपल्या समाजासाठी शाळा काढली यात शंका नाही. बाकीच्यांसाठी काढली असे म्हणणे म्हणजे त्यांच्या तोंडी आपले शब्द घालणे होईल. शब्बाथ आणि हिब्रू हाच त्यांचा हेतू होता, आणि तो हेतू आज माझगावला पुरा होत नाही, हे मान्य केले पाहिजे. तो इकडे पुरा झाला. आपल्या नातवंडांना हिब्रूचा निराळा तास लागत नाही आणि शब्बाथची सुटी मागावी लागत नाही. त्या शाळेचे काम दोन ठिकाणी वाटले गेले आहे, असे मी समजतो. हिब्रू इकडे आली. शाळा तिकडे राहिली.

पण एक गोष्ट दोन्ही ठिकाणांहून निसटते आहे, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहिला. ती म्हणजे नावांची माहिती. तिकडच्या रजिस्टरात नाव, गाव, जन्मतारीख आहे. तो सोलोमन कोणाचा मुलगा, ती एस्तेर पुढे कोणाच्या घरात दिली, कोणते भाऊ दिमोनाला आले आणि कोणती बहीण ठाण्यातच राहिली, हे रजिस्टरात नाही. ते आपल्या डोक्यात आहे. इकडे आल्यावर काहींनी आडनावे बदलली, काहींनी सोडून दिली. नातवाला पेणकर म्हणजे पेणचा हे सांगितल्याशिवाय कळणार नाही, आणि पेण कुठे आहे हे तर त्याहून नाही.

तेव्हा वाचकांना विनंती अशी. आपला दाखला शोधावा. माझगावचाच हवा असे नाही. पनवेल, अलिबाग, पुणे, ठाणे, कराची, अहमदाबाद, कुठल्याही शाळेचा चालेल. त्याची एक प्रत काढावी. दुसऱ्या कागदावर आपल्या वर्गातल्या, आठवतील त्या मुलामुलींची नावे लिहावीत. आपल्या समाजाची लिहावीत आणि इतरांचीही, कारण शेजारच्या बाकावर कोण होते तेही इतिहासात मोडते. शिक्षकांची नावे लिहावीत. वर्गाचा फोटो असेल तर मागच्या बाजूला पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत. मराठी लिहिणे हाताला जड जात असेल तर नातवाला बसवून सांगावे, त्याने हिब्रूत लिहिले तरी चालेल. नाव एकच आहे.

लिहून झाल्यावर ते कागद दाखल्याबरोबर ठेवावेत आणि कुठे ठेवले ते घरात दोघांना तरी सांगून ठेवावे.